अजून तेहेतीसवरच

सुभाष,

तुझ्या दहाव्याला मी माती खाल्ली.

गंगेवर, रामकुंडाच्या अलीकडे, विधी आटोपत आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, सरांनी दोन शब्द बोलावेत. मी शाळामास्तर. निरोप समारंभ म्हटलं की भाषणाला माझंच नाव. उभा राहिलो. तुझ्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोललो, ते खोटं होतं. तुझ्या साधेपणाबद्दल बोललो, ते त्याहून खोटं होतं. आणि मग तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून शेवटचं वाक्य आपोआप आलं: सुभाषला पुढील वाटचालीसाठी हार्दिक शुभेच्छा.

गुरुजींनी दर्भ हातात तसाच धरून वर बघितलं. नंदावहिनींनी पदर तोंडाशी नेला. त्या पदराआड तुझी बायको रडत होती की हसत होती, देव जाणे. माझ्या बायकोने, म्हणजे तुझ्या धाकट्या बहिणीने, माझ्याकडे बघितलंच नाही. शैलाची न बघण्याची एक पद्धत आहे, ती तुला ठाऊक आहे.

तू असतास तर तिथेच घाटावर लोळून हसला असतास आणि पुढची वीस वर्षं हा किस्सा नात्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितला असतास, माझ्याच ताटात जिलबी वाढता वाढता. पण तू नाहीस. किस्सा माझ्याकडेच राहिला. हा माझा पहिला सूड, लहानसा का होईना.

दुसरी गोष्ट त्या कावळ्याची. पिंड ठेवून आम्ही मागे सरकलो पण नव्हतो, तेवढ्यात कावळा येऊन शिवला. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, कसलीच इच्छा राहिली नव्हती. मला तिथे इतका संताप आला म्हणून सांगू. कसलीच इच्छा राहिली नव्हती? तीस वर्षं मी तुला एका रेकॉर्डचं नाव विचारत होतो. ते न सांगता गेलास आणि तृप्त होऊन गेलास? निदान अर्धा तास तरी त्या कावळ्याला झाडावर बसवायचं होतंस. माझा मान म्हणून.

वहिनी म्हणाल्या, वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढू, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र, आठवताहेत तोवर चार गोष्टी लिहून ठेवा. त्यांना वाटतंय मी आठवणी लिहीन. मी मात्र उट्टं काढायला बसलोय. आपल्या ओळखीत पहिल्यांदाच असं होतंय की मी बोलतोय आणि तू मध्येच तोडत नाहीस.

तर सगळ्यांना कळू दे. हा सुभाष ऐंशीच्या दशकात बोटीवर लागला, भटारखान्यात मदतनीस म्हणून. नाशिकरोडच्या आमच्या गल्लीत बोटीवर गेलेला तो पहिलाच. बोटीवरून परत येणारी माणसं काय आणतात? अत्तर, घड्याळ, टेपरेकॉर्डर, आईला एखादी झुळझुळीत साडी. त्याच्या आईने गल्लीतल्या बायका जमवून पेटी उघडायला लावली. आत नुसत्या काळ्या रेकॉर्डी. त्यासुद्धा सगळ्या दोन-दोन. माउलीने विचारलं, एकेकच नव्हती का रे मिळत? मी तेव्हा अकरावीत होतो, तुझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि मीही तेच विचारणार होतो. तिने विचारलं म्हणून माझी अब्रू वाचली.

मग तू सांगितलंस. न्यूयॉर्कजवळच्या बंदरात बोट दुरुस्तीला अडकली होती. बरोबरच्या एका खलाशाने तुला शहरातल्या गरीब वस्तीत नेलं. तिथल्या बागेत विजेच्या खांबावर आकडा टाकून वीज घेतलेली, अगदी आपल्या मंडळासारखी. दोन रेकॉर्ड प्लेअर शेजारी शेजारी आणि दोन्हींवर एकच रेकॉर्ड. गाण्यात मध्येच गाणारा थांबतो आणि नुसतं तालवाद्य उरतं, तो तुकडा असतो चार-सहा सेकंदांचा. इकडचा संपला की तिकडचा लावायचा, तिकडचा चालू असताना इकडची रेकॉर्ड हाताने उलटी फिरवून पुन्हा तिथेच आणायची. चार सेकंदांचा ताल अर्धा तास चालतो, पोरं त्यावर नाचतात आणि एक जण माईक घेऊन त्यावर बोलत राहतो, तालात, यमकात, शेजारच्या वस्तीतल्यांना टोमणे मारत. तू म्हणालास, "वशा, आपल्याकडे ढोल वाजवायला चाळीस माणसं लागतात. तिथे एक माणूस दोन ताटल्यांवर तेच करतो."

मला काही कळलं नव्हतं. पण मी अशी मान हलवली की जणू मीच त्या बागेत आकडा टाकला होता.

आणि तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, ती मला फार महागात पडली. ते वाजवणारे आपल्या रेकॉर्डी पाण्यात भिजवून मधलं कागदी लेबल सोलून टाकतात. कोमट पाणी घ्यायचं, कढत नाही, नाहीतर रेकॉर्ड वाकते. लेबल नसलं की शेजारच्या वस्तीतला येऊन कितीही डोकावला तरी हा ताल कुठल्या रेकॉर्डवरचा, त्याला कळत नाही.

त्याच वर्षी गणपतीत तू दोन जुने प्लेअर जोडून मंडळात तो प्रकार केलास. आरती झाली आणि तुझ्या दोन ताटल्या सुरू झाल्या. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, पोरं नाचली. पलीकडच्या मंडळाचा माईकवाला येऊन मला विचारून गेला, कुठली रेकॉर्ड आहे ही? कबूल करतो, मला कोणी कधी काही विचारत नसे. मी लेबल वाचलं, स्पेलिंगसकट कागदावर उतरवलं आणि कागद त्याच्या हातात दिला. खाली सहीसुद्धा केली असती.

तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. अरे, त्या बिचाऱ्याला ती रेकॉर्ड मिळणार कुठे होती? नाशिकच्या शालिमारला? नांदगावच्या बाजारात? सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत अख्ख्या जिल्ह्यात ही असली गाणी ऐकणारे आपण दोघं. त्यातला एक तू. पण तुला म्हणे तत्त्व होतं.

दोन महिन्यांनी बोलायला लागलास तेव्हा मला वाटलं, विसरलास. तू काहीही विसरत नाहीस हे मला शैलाशी लग्न ठरेपर्यंत कळलं नव्हतं.

लग्नात सगळ्यांनी आहेर केले. बायकोच्या भावाने, ज्याने मला शाळेपासून ओळखलेलं, खाकी कागदात गुंडाळलेली एक रेकॉर्ड दिली. मंडपातच कागद फाडला. मोठी काळी रेकॉर्ड, कव्हर नाही, आणि मधोमध लेबलाच्या जागी खरवडल्याचे पांढरट डाग. मी विचारलं, नाव काय हिचं? तू माझ्या खांद्यावर हात टाकलास, शैलाकडे बघितलंस आणि म्हणालास, "ओळख."

तेवढंच. तीस वर्षं तेवढंच.

सुभ्या, अख्ख्या जिल्ह्यात दोनच माणसं, आणि लेबल तू सोललंस ते माझ्यापासून.

मी ती आमच्या प्लेअरवर लावली. एक जाडजूड पुरुषी आवाज, संथ, पोटातून आलेला, तालावर असा पावलं टाकत जाणारा की वाटावं, जेवण करून शतपावली करणारे कोणी आजोबा. शब्द एकही कळेना. पण आवाज असा की ऐकणाऱ्याचे खांदे सैल पडावेत. नाव ठाऊक नाही म्हणून शैलाने त्याचं नाव तात्या ठेवलं. पुढे मुलगी झाली, ती दुपारी झोपायची नाही. तात्या लावला की पाचव्या मिनिटाला झोपायची. सासू आजारी होत्या, म्हणजे तुझी आई, त्या महिनाभर आमच्याकडे होत्या. त्यासुद्धा म्हणायच्या, तात्यांना लाव रे जरा, बरं वाटतं. आमच्या घरात तात्या म्हणजे मोठं माणूस. पाहुणे आले की आम्ही तो आवाज कमी करायचो, बंद नाही करायचो. मोठ्या माणसाला गप्प बस कसं म्हणणार?

दर रविवारी मिसळ खाऊन तुझ्या घरी यायचो. तू खोलीच्या कोपऱ्यात दोन प्लेअरसमोर आमच्याकडे पाठ करून बसायचास, कोणाला जवळ येऊ द्यायचा नाहीस. कुठला खटका कधी दाबतोस, तेही दिसत नसे. निघताना मी विचारायचो, नाव? तू म्हणायचास, ओळखलंस का? नंदावहिनी नामपूरच्या, चिडल्या की माहेरच्या अहिराणीवर जातात. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "सांगी द्या ना आते त्यास्ले." म्हणजे, सांगून टाका ना आता त्यांना. तू त्यांनाही दाद दिली नाहीस.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. ऐकू आलेले शब्द इंटरनेटवर टाकले, तर ट्रॅक्टरच्या टायरच्या जाहिराती आल्या. मुलीने गाणं ओळखणारं अॅप मोबाईलवर घेतलं आणि फोन तात्यांच्या पुढ्यात धरला. अॅपने तीनदा कान लावला आणि तीनदा सांगितलं, असं गाणं सापडत नाही. मला अभिमान वाटला. म्हटलं, बघा, आपल्याकडे जी चीज आहे ती जगात नाही.

आणि तुझी पन्नाशी आठव. रविवारची दुपार, घरात वीस-पंचवीस माणसं. मी तात्या तोंडपाठ करून आलो होतो. एका अक्षराचा अर्थ कळत नव्हता, पण पाठ होता. हाताची घडी घालून, हनुवटी छातीला टेकवून, जेवढा जाड काढता येईल तेवढा आवाज काढून मी ते सबंध कडवं तुझ्यासमोर म्हणालो. तू खाली बघत होतास. खांदे हलत होते. डोळ्यांना रुमाल लावलास. मी घरी जाताना शैलाला म्हणालो, सुभाष वरून कठोर आहे, आतून फार हळवा.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही विचारलं. लाज वाटली, पण विचारलं. तू नाकावरची नळी सारखी केलीस आणि म्हणालास, "पुढच्या रविवारी." शुक्रवारी गेलास.

दहाव्यानंतर वहिनींनी पेटी आमच्याकडे पाठवली. कॉलनीच्या वाचनालयात तुझ्या नावाने ऐकण्याची एक खोली करायची ठरलंय. शनिवारी माणसं पेटी न्यायला येणार आणि तोवर मी सगळ्या रेकॉर्डींची नावनिशी यादी करून द्यायची. सर म्हटलं की यादी आलीच.

पेटी उघडली. सगळी लेबलं जागच्या जागी, लाल, निळी, पिवळी, एकेकावर सुबक अक्षरं. तेव्हा माझ्या मनात आलं ते इथे लिहितो, वहिनी, छापायचं नसेल तर नका छापू. मनात आलं, सगळी सोलायची. एकूण एक. तुझ्या नावाची खोली होईल, तुझा फोटो लागेल, हार चढेल, आणि आत एक्केचाळीस निनावी काळ्या ताटल्या. येईल त्याने विचारावं, ही कुठली? आणि वाचनालयाच्या बाईंनी सांगावं, ओळखा.

शैला बाजारात गेली होती. मी गच्चीवर तिचा मोठा टब नेला, कोमट पाणी भरलं, कोपर बुडवून पाहिलं, लहान मुलाच्या आंघोळीचं बघतात तसं. सूडसुद्धा मी नियमाप्रमाणेच घेतो. म्हटलं, आधी यादी करू. वाचनालयाला ती द्यायची नव्हती. एकदा मला सगळी नावं कळावीत आणि मग दुसऱ्या कोणाला कळू नयेत, एवढाच हेतू.

वहीत लिहीत गेलो. सगळ्या जोड्या. दोन-दोन, दोन-दोन. वीस जोड्या झाल्या आणि एक रेकॉर्ड उरली. पेटी उपडी केली. तिची जोडीदार नव्हती.

फार हुशार नसलो तरी एवढं कळायला मला वेळ लागला नाही. तिची जोडीदार खाली दिवाणखान्यात होती, आमच्या प्लेअरवर, तीस वर्षं.

म्हणजे नाव माझ्या हातात होतं. हिरवं लेबल, काळी अक्षरं. गाण्याचं नाव, म्हणणाऱ्याचं नाव. आणि त्याच्याखाली एक आकडा, पंचेचाळीस.

सुभाष, मी पदार्थविज्ञान शिकवतो. ध्वनीची वारंवारता हा धडा मी दरवर्षी शिकवतो, वेग कमी झाला की स्वर खाली उतरतो हे फळ्यावर आकृती काढून दाखवतो. पण लहानपणापासून घरात शिकलो ते एकच: छोटी रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर, मोठी तेहेतीसवर. मोठी रेकॉर्ड पंचेचाळीसवर फिरत असेल हे मला स्वप्नात आलं नाही. लेबल असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्या एकट्या रेकॉर्डच्या कव्हरच्या आतल्या बाजूला तुझं अक्षर होतं. पेन्सिलने, "वशा अजून ३३ वरच." त्याखाली निळ्या शाईत पुन्हा, "अजून ३३ वरच." त्याखाली काळ्या शाईत, तुझ्या अलीकडच्या थरथरत्या हाताने, आणखी एकदा. दर काही वर्षांनी तू ही नोंद करत होतास, प्रयोगवहीत करतात तशी. मी तुझा बेडूक होतो.

खाली आलो. माझी रेकॉर्ड प्लेअरवर होतीच. खटका पंचेचाळीसवर केला.

पोरगी निघाली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. खणखणीत, भरभर, मध्येच हसणारी, कोणाला तरी भर वस्तीत सुनावणारी, श्वास घ्यायला न थांबणारी. इतकी मजेत होती की मला खुर्चीत बसवेना. ज्याला मी तीस वर्षं मोठं माणूस म्हणून मान दिला, तो बाप्या नव्हताच. तुझ्या पन्नाशीला मी हनुवटी छातीला टेकवून, हाताची घडी घालून, एका अवखळ पोरीचं बोलणं म्हणून दाखवलं होतं. तुझे खांदे हलत होते ते आता आठवतंय. रुमाल आठवतोय.

तू गेलास ते गेलास. जाताना तात्यांनाही घेऊन गेलास. एका महिन्यात घरातली दोन माणसं, सुभ्या. हे बरोबर नाही.

तिथे मी थोडा रडलो, पण ते रागाने. हे इथे लिहून ठेवतो, कारण तू असतास तर वेगळंच सांगितलं असतंस.

मग गच्चीवर गेलो. पाणी अजून कोमट होतं. वीस जोड्या परत पेटीत ठेवल्या, लेबलांसकट. त्या वाचनालयात जातील, यादीही जाईल, तुझ्या फोटोला हारही मीच आणीन. पण ती एकटी रेकॉर्ड मी पाण्यात धरली. वीस मिनिटं लागली. कड सुटली, मग अख्खं हिरवं लेबल माझ्या बोटांवर आलं. ते टिपकागदात ठेवून दहावीच्या पाठ्यपुस्तकात दाबलंय. कुठल्या धड्यात, ते सांगत नाही. नावही इथे लिहिणार नाही. वहिनी विचारतील, मुलगी विचारेल, वाचनालयवाले विचारतील. मी म्हणेन, ओळखा. आता जिल्ह्यात ते ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि तो तू नाहीस. फिट्टंफाट झाली आपली.

एकच जमलं नाही. लेबल सुटायची वाट बघत टबाशेजारी बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की तुझी ती करामत दोन रेकॉर्डींशिवाय होत नाही. वीस जोड्या तू जपल्यास. एक मोडलीस, बहिणीच्या लग्नात, आणि त्यानंतर ही रेकॉर्ड तुझ्या त्या कोपऱ्यात पुन्हा कधी वाजली नाही. तिची जोडीदार तू आमच्याकडे दिलीस. याबद्दल तुला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाहीये. शिवी देणार होतो. ती राहिली.

त्या दोन्ही रेकॉर्डी, दोन्ही लेबलाविना, मी प्लेअरजवळ एकावर एक ठेवल्या. आता माझी कुठली आणि तुझी कुठली हे मलाही सांगता येणार नाही.

शैला बाजारातून आली. गच्चीवर गेली, खाली आली, म्हणाली, "कुरडयांचा गहू भिजवायचा टब आहे तो." मग मी तिला सगळं सांगितलं, नाव सोडून. लेबल, पंचेचाळीस, कव्हरमधलं तुझं अक्षर. मी तिला बसवलं आणि ती पोरगी ऐकवली, सबंध. माझी इच्छा होती की निदान तिने तरी तुझ्यावर चिडावं.

तिने पिशवीतली भाजी निवडत शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण ही कोण, मला माहीत नाही. दादा गेल्यापासून घरात आवाज नाही. तात्यांना लावा."